पायाची ॲनाटॉमी स्क्रीनवर ओळखायची तर आधी शेजार शिका

नागपुरात रेडिओलॉजीच्या पहिल्या वर्षाला असलेल्या एका रेसिडेंट डॉक्टरांचा प्रश्न आहे: "एमबीबीएसला लोअर लिंब चांगला झाला होता. आता पुन्हा दोनदा वाचून काढला. तरी घोट्याचा एमआरआय उघडला की कुठला टेंडन (स्नायू हाडाला जोडणारी दोरी) कोणता हेच कळत नाही, आणि गुडघ्यात तर नॉर्मल लिगामेंटलाच (हाडांना बांधणारी पट्टी) टेअर (फाटणं) म्हणून बसते. पुस्तक बदलू का? आणि हे जमायला किती दिवस लागतात?"

डॉक्टर, पुस्तक बदलून फारसा फरक पडणार नाही. ॲनाटॉमी तुम्हाला येते. पण ती ज्या क्रमानं डोक्यात बसलीय, तो क्रम स्क्रीनसमोर उपयोगाचा नाही. व्हायव्हासाठी आपण एकेक स्नायू घेऊन ओरिजिन, इन्सर्शन, नर्व्ह सप्लाय, ॲक्शन असं पाठ करतो. नाव आधी येतं, जागा नंतर. एमआरआय उलटीकडून विचारतो. समोर एक आडवा काप असतो, त्यात एक काळा ठिपका असतो आणि त्याचं नाव तुम्ही सांगायचं असतं. त्या ठिपक्याला धड आकारही नसतो, कारण दहा काप वर गेलात की तोच ठिपका मांसल स्नायू झालेला असतो आणि दहा काप खाली त्याची चपटी पट्टी झालेली असते.

मग ओळखायचं कशावरून? शेजारावरून. सीताबर्डीतलं दुकान आपण कुणाला सांगतो तेव्हा घर क्रमांक सांगत नाही, अमक्या दुकानाला लागून, तमक्याच्या मागं, असं सांगतो. पायातही तसंच करायचं. आकार बदलतो, जाडी बदलते, सिग्नलसुद्धा (प्रतिमेतला उजळपणा) बदलतो, पण कोण कुणाच्या पुढं, कोण कुणाच्या आत, हे सहसा बदलत नाही. आणि जिथं बदलतं त्या जागा मोजक्या आहेत. त्या वेगळ्या शिकायच्या.

सुरुवात कुठून करायची हे तुमच्याकडे काय येतं त्यावर ठरेल. अपघाताचे पेशंट जास्त असतील तर गुडघा आणि घोट्यापासून सुरू करा. डॉपलर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) तुमच्या वाट्याला येत असेल तर मांडीच्या शिरांपासून. मधुमेहाचे पाय बघत असाल तर तळपायाच्या कप्प्यांपासून. मशीनवरही अवलंबून आहे. १.५ टेस्लावर घोट्याचे लिगामेंट जसे दिसतात तसे कमी ताकदीच्या मशीनवर दिसत नाहीत, त्यामुळे तिथं न दिसलेल्या गोष्टीबद्दल स्वतःला दोष देऊ नका. मात्र एक अट सगळ्यांना सारखी आहे: फिल्मवर शिकू नका. फिल्मवर काप सुटे सुटे छापलेले असतात आणि नजर उडी मारते. वर्कस्टेशनवर किंवा साध्या डायकॉम व्ह्यूअरवर (स्कॅन उघडायचं सॉफ्टवेअर) नाव-ओळख काढून टाकलेली नॉर्मल स्टडी घ्या आणि माउसचं चाक फिरवत शिका.

रोज वीस मिनिटं पुरतात, पण पद्धत पाळावी लागते. ॲक्झियल (आडव्या कापांची) टी१ सीरिज उघडा. टी१ एवढ्यासाठी, की त्यात चरबी पांढरी दिसते आणि स्नायूंच्या मधल्या भिंती आपोआप आखल्या जातात. पीडी फॅट सॅटवर (चरबीचा सिग्नल दाबलेल्या सीरिजवर) आजार छान दिसतो, पण तीच चरबी काळी पडल्यामुळे शेजार ओळखणं नवख्याला जड जातं. मग एकच रचना निवडा. तिच्यावर कर्सर ठेवा आणि ती हाडाला चिकटेपर्यंत खाली जा, तसेच उगमापर्यंत वर या, पुन्हा खाली जा. प्रत्येक वेळी मनात नाही, तोंडानं म्हणा: "आता हिच्या पुढं काय, मागं काय, आत काय, बाहेर काय." एका दिवसाला दोन रचना. त्यापेक्षा जास्त केल्या तर दुसऱ्या दिवशी पहिल्या विसरतात.

दिशेचा गोंधळ आधी मिटवा. ॲक्झियल काप आपण पेशंटच्या पायाकडून वर बघितल्यासारखा बघतो, म्हणून पेशंटची उजवी बाजू स्क्रीनच्या डावीकडे येते. उजव्या पायाचा फिब्युला (पोटरीचं बाहेरचं बारीक हाड) स्क्रीनवर डावीकडे दिसला पाहिजे. डाव्या पायात उलट. एकच पाय स्कॅन केलेला असतो तेव्हा हे चुकतं, म्हणून आधी मार्कर (उजवं-डावं सांगणारी खूण) बघायचा, मग फिब्युला, आणि मगच बाकीचं.

आता पोटरी. माझ्या मते पायाची इमेजिंग ॲनाटॉमी इथूनच शिकावी, कारण घोट्यात जो गोंधळ होतो त्याचं मूळ पोटरीत आहे. पोटरीच्या मध्यावरचा काप घ्या. नडगीचं हाड (टिबिया) पुढं आणि आतल्या बाजूला, त्याची आतली बाजू थेट कातडीखाली, तिथं स्नायूच नाही. फिब्युला मागं आणि बाहेर. दोघांमध्ये इंटरऑसियस मेम्ब्रेन, म्हणजे हाडांमधला पडदा. मेम्ब्रेनच्या पुढं ॲन्टिरियर कप्पा, फिब्युलाच्या बाहेरच्या अंगाला पेरोनियल कप्पा, मागं दोन कप्पे: खोलातला आणि वरचा. वरच्यात सोलियस आणि गॅस्ट्रोक्नेमियस, सोबत प्लॅन्टॅरिसची बारीक दोरी. हे सगळ्यांना येतं.

खोलातल्या कप्प्यात तीन स्नायू आहेत आणि तिथंच गाडी अडते. टिबियालिस पोस्टिरियर दोन्ही हाडांच्या मधोमध, मेम्ब्रेनला टेकलेला. फ्लेक्सर डिजिटोरम लाँगस टिबियाच्या मागं, म्हणजे आतल्या बाजूला. फ्लेक्सर हॅल्युसिस लाँगस फिब्युलाच्या मागं, म्हणजे बाहेरच्या बाजूला. इथं जरा थांबा. अंगठा पायाच्या आतल्या बाजूला आहे, पण त्याचा स्नायू बाहेरच्या हाडावरून निघतो. बाकीची चार बोटं बाहेर आहेत, पण त्यांचा स्नायू आतल्या हाडावरून निघतो. म्हणजे हे दोघं वाटेत एकमेकांना ओलांडणारच. ते तळपायात ओलांडतात, नॅव्हिक्युलर हाडाच्या पातळीच्या आसपास, आणि तिथं डिजिटोरम तळव्याच्या बाजूनं जातो, हॅल्युसिस त्याच्या वर राहतो. याच जागेला हेन्रीची गाठ म्हणतात. त्याच्या आधी एक ओलांडणी घोट्याच्या वर होते: मधोमध असलेला टिबियालिस पोस्टिरियर डिजिटोरमच्या पुढून सरकत आत येतो आणि घोट्याच्या आतल्या हाडामागं सगळ्यात पुढची जागा घेतो.

या दोन ओलांडण्या लक्षात राहिल्या की घोट्याचा काप पाठ करावा लागत नाही. आतल्या घोट्याच्या मागं पुढून मागं क्रम लागतो: टिबियालिस पोस्टिरियर, डिजिटोरम, मग रक्तवाहिन्या आणि टिबियल नर्व्ह, शेवटी हॅल्युसिस. टिबियालिस पोस्टिरियर डिजिटोरमच्या साधारण दुप्पट जाड असतो. दोघं सारख्या जाडीचे दिसले तर पुढच्याला काहीतरी झालंय का ते बघा, कारण ताणून बारीक झालेला टेंडन असाच दिसतो. हॅल्युसिसची आणखी एक खूण: घोट्याच्या पातळीपर्यंत स्नायूचं मांस खाली उतरलेलं असतं ते मुख्यतः याचंच. इतर टेंडन तोवर नुसत्या काळ्या दोऱ्या झालेले असतात. हा टेंडन टॅलसच्या (घोट्याच्या सांध्यातलं खालचं हाड) मागच्या खाचेतून जातो आणि मग सस्टेन्टॅक्युलम टॅलायच्या (टाचेच्या हाडाचा आतला कठडा) खालून. त्याच्या आवरणात थोडं पाणी दिसलं तर लगेच टेनोसायनोव्हायटिस (आवरणाची सूज) लिहू नका, कारण हे आवरण बऱ्याच जणांत घोट्याच्या सांध्याशी जोडलेलं असतं आणि सांध्यातलं पाणी तिथं उतरतं.

बाहेरच्या बाजूला दोनच आहेत: पेरोनियस ब्रेव्हिस हाडाला लागून पुढं, लाँगस त्याच्या मागं. ब्रेव्हिस पाचव्या मेटाटार्सलच्या (बोटामागचं लांब हाड) बुडाशी संपतो. लाँगस क्युबॉइड हाडाच्या खाली वळून अख्खा तळवा ओलांडून पहिल्या मेटाटार्सलपर्यंत जातो. नवखी नजर नेमकी या वळणावर फसते. टेंडनचे तंतू मुख्य चुंबकीय क्षेत्राशी साधारण ५५ अंशांचा कोन करतात तिथं टी१ आणि पीडीसारख्या कमी टीईच्या (सिग्नल टिपेपर्यंतचा वेळ) सीक्वेन्सवर निरोगी टेंडनही उजळ दिसतो. यालाच मॅजिक अँगल म्हणतात. घोट्यापाशी वळणाऱ्या प्रत्येक टेंडनला हे लागू आहे. पडताळा सोपा आहे: त्याच जागी जास्त टीईची टी२ प्रतिमा बघा. उजळपणा गेला, जाडी नेहमीची आहे आणि भोवती पाणी नाही, तर टेंडन ठीक आहे.

घोट्याचे बाहेरचे लिगामेंट शोधताना बोन सेटमधला फिब्युला हातात घ्या. हे मी अगदी आग्रहानं सांगतो. खालच्या टोकाच्या आतल्या बाजूनं अंगठा फिरवा. आधी टॅलसला टेकणारा गुळगुळीत त्रिकोणी भाग लागेल, आणि त्याच्या मागं अंगठ्याचं टोक एका खड्ड्यात जाईल. तो मॅलिओलर फॉसा. आता स्क्रीनवर या. ॲक्झियल कापात फिब्युला गोलसर दिसतोय, आत खाच नाही, तर तुम्ही अजून टिबियोफिब्युलर लिगामेंटच्या पातळीवर आहात. आतल्या बाजूला खाच दिसायला लागली की टॅलोफिब्युलर लिगामेंटची पातळी आली. घोटा मुरगळल्यावर सगळ्यात जास्त वेळा फाटणारा ॲन्टिरियर टॅलोफिब्युलर लिगामेंट इथं, खाचेच्या पुढच्या अंगानं टॅलसकडे जाताना शोधायचा. वरच्या कापात तो "दिसत नाही" म्हणून फाटला असं लिहिलेले रिपोर्ट मी दुरुस्त करत असतो. लिगामेंट शाबूत असतो, काप चुकलेला असतो.

गुडघ्याकडे येऊ. सॅजिटल (बाजूनं बघितलेल्या उभ्या कापांच्या) सीरिजमध्ये आपण आतल्या कप्प्यात आहोत की बाहेरच्या, हे आधी ठरवा. फिब्युलाचं डोकं दिसलं तर बाहेर, हे तर झालंच. पण ते कापात नसतानाही कळतं: टिबियाचा आतला पठार किंचित खोलगट असतो, बाहेरचा किंचित उंचवट्याचा. आतल्या मेनिस्कसचा (सांध्यातली कूर्चेची गादी) मागचा हॉर्न (टोक) पुढच्यापेक्षा ठळकपणे मोठा असतो, बाहेरच्यात दोन्ही जवळपास सारखे.

मेनिस्कस समजायला संत्र्याची फोड घ्या. बाहेरची कड जाड, आतली धार बारीक, आणि फोड वाकलेली. फोड तिच्या जाड कडेजवळून लांबीच्या दिशेनं कापली तर पुढून मागं सलग पट्टा मिळतो, मध्ये किंचित बारीक, म्हणजे बो-टाय. आणखी आत सरकून कापलं तर मध्ये काहीच लागत नाही, पुढं एक आणि मागं एक असे दोन सुटे त्रिकोण मिळतात. सॅजिटल सीरिज कडेकडून मध्याकडे जाताना नेमकं हेच घडतं. म्हणून ४-५ मिलिमीटरच्या कापांत बो-टाय दोन कापांत दिसणं अपेक्षित असतं. कमी दिसले तर बकेट हँडल टेअरचा (फाटलेला भाग मध्याकडे सरकलेला) विचार, जास्त दिसले तर डिस्कॉइड (जन्मतः थाळीसारखा रुंद) मेनिस्कसचा. पण काप ३ मिलिमीटरचे असतील तर निरोगी गुडघ्यातही तीन बो-टाय दिसू शकतात. मोजण्याआधी कापाची जाडी आणि मधलं अंतर वाचा. ही खूण जाडी न बघता वापरल्यामुळे चुकीचे डिस्कॉइड लिहिले जातात.

नॉर्मल रचनेला टेअर म्हणण्याच्या ज्या जागांमुळे तुम्हाला त्रास होतोय, त्या बहुतेक बाहेरच्या मेनिस्कसजवळ आहेत, आणि तिथंही चाक फिरवून माग काढणं हाच उपाय आहे. पुढच्या हॉर्नजवळ एक उभी-तिरपी रेघ दिसते. ती ट्रान्सव्हर्स लिगामेंटची कड असू शकते. मध्याकडे एकेक काप सरका. टेअर असेल तर रेघ मेनिस्कससोबतच संपते. लिगामेंट असेल तर त्याचा गोल काळा ठिपका सुटा होऊन होफाच्या (वाटीखालच्या) चरबीतून आतल्या मेनिस्कसच्या पुढच्या हॉर्नपर्यंत चालत जातो. मागच्या हॉर्नमागं पॉप्लिटियस टेंडन तिरपा खाली उतरतो, आणि टेंडन व मेनिस्कस यांच्यामधली फट हुबेहूब उभ्या टेअरसारखी दिसते. टेंडनला त्याच्या स्नायूपर्यंत न्या, शंका मिटते. आणखी मध्याकडे गेलात की मागच्या हॉर्नवरून मेनिस्कोफीमोरल लिगामेंट निघतो आणि आतल्या कॉन्डाइलकडे (मांडीच्या हाडाचा खालचा गोलवा) वर जातो. तो पीसीएलच्या (मागचा क्रुसिएट लिगामेंट) पुढून गेला तर हम्फ्री, मागून गेला तर रिस्बर्ग. त्याच्या उगमाची फटही फसवते. शिवाय हा हॉर्न मुळाजवळ वर चढतो, म्हणून मॅजिक अँगलही इथंच लागतो. इतके सापळे एका जागी असल्यामुळे बाहेरच्या मागच्या हॉर्नमध्ये टेअर लिहिण्याआधी सिग्नल सांध्याच्या पृष्ठभागापर्यंत निदान दोन कापांत पोचतोय का ते बघा आणि कोरोनलवर (समोरून बघितलेल्या उभ्या कापांवर) तीच जागा दिसते का तेही.

एसीएल (पुढचा क्रुसिएट लिगामेंट) आणि पीसीएल थोडक्यात. एसीएल बाहेरच्या कॉन्डाइलच्या आतल्या भिंतीवरून निघून टिबियाच्या पुढच्या भागात उतरतो, नॉचच्या (दोन कॉन्डाइलमधली खाच) छपराच्या रेषेला साधारण समांतर. खालच्या टोकाला त्याचे तंतू पंख्यासारखे पसरतात आणि मध्ये करड्या रेघा असतात, त्या नॉर्मल आहेत. पीसीएल मात्र सलग काळा आणि हॉकी स्टिकसारखा वाकलेला. त्यात करडेपणा दिसला तर तो गांभीर्यानं घ्या. एसीएलबद्दल शंका असेल तर ॲक्झियलवर नॉचच्या बाहेरच्या भिंतीला तो चिकटलाय का बघा. ही सवय फार कमी जणांना असते. गुडघ्यामागं पाण्याची पिशवी दिसली तर तिची मान शोधा. ती गॅस्ट्रोक्नेमियसचं आतलं डोकं आणि सेमिमेम्ब्रेनोसस यांच्या मधून येत असेल तरच बेकर्स सिस्ट म्हणा.

मांडीत मांस भरपूर असलं तरी समजायला सोपं. सार्टोरियस वरून बाहेरून आत तिरपा उतरतो आणि त्याच्याखाली फीमोरल रक्तवाहिन्या असतात, एवढी वाट धरली की अडक्टर कॅनाल (या रक्तवाहिन्यांचा बोगदा) आपोआप येतो. डॉपलर करणाऱ्यांनी एक नाव मात्र कायमचं टाकून द्यावं: सुपरफिशियल फीमोरल व्हेन. ती डीप व्हेन (खोलातली शीर) आहे. तिच्यात गुठळी असताना रिपोर्टमध्ये "सुपरफिशियल" वाचून समोरच्या डॉक्टरांनी रक्त पातळ करण्याचं औषध सुरू न करणं हा पेशंटच्या जिवाशी खेळ होतो. नुसतं फीमोरल व्हेन लिहा. पॉप्लिटियल फॉसात (गुडघ्यामागच्या खड्ड्यात) मागून प्रोब ठेवला की शीर वर, धमनी खोल. आणि कधीकधी फीमोरल व्हेन दुहेरी असते. प्रोबनं दाबल्यावर एक पूर्ण दबली (म्हणजे तिच्यात गुठळी नाही) म्हणून थांबू नका, शेजारी दुसरी आहे का ते आडव्या प्रोबनं बघा.

खुब्याबद्दल विदर्भात काम करणाऱ्यांना एक गोष्ट वेगळी सांगावी लागते. आपल्याकडे सिकलसेलचे पेशंट नेहमीचे आहेत, त्यामुळे फीमरच्या (मांडीच्या हाडाच्या) डोक्याचा ॲव्हॅस्क्युलर नेक्रोसिस (रक्तपुरवठा तुटून हाड मरणं) तुम्हाला तरुण वयात, अनेकदा दोन्ही बाजूंना दिसेल. कोरोनल टी१ मध्ये दोन्ही खुबे एकत्र घ्याच. वजन पेलणाऱ्या पुढच्या-वरच्या भागात चरबीला वेढणारी काळी रेघ शोधा, टी२ वर तिच्या आत उजळ रेघ दिसली तर निदान पक्कं होत जातं. पण त्याआधी नॉर्मल अस्थिमज्जा ओळखता आली पाहिजे. मोठ्या माणसात एपिफिसिस (हाडाचं टोक) चरबीनं भरलेलं, म्हणजे टी१ वर पांढरं असतं. लाल (रक्त तयार करणारी) मज्जा फीमरच्या वरच्या मेटाफिसिसमध्ये (टोकालगतच्या भागात) उरते आणि ती स्नायूपेक्षा थोडी उजळ दिसते. सिकलसेलमध्ये लाल मज्जा पसरते, एपिफिसिसपर्यंतही जाते. हे माहीत नसेल तर तो बदल गाठीचा किंवा ल्युकेमियाचा वाटतो. टी१ वर मज्जा स्नायूपेक्षाही काळी दिसली तर मात्र सिकलसेल म्हणून सोडून देऊ नका, पुढचा तपास सुचवा.

एक्स-रे यात मागं पडतो, तसं होऊ देऊ नका. रोजच्या कामात तोच जास्त असतो. पाऊल बघताना दुसऱ्या मेटाटार्सलची आतली कड आणि मधल्या क्युनिफॉर्म हाडाची आतली कड एका रेषेत आहेत का, हे प्रत्येक एपी (समोरून काढलेल्या) फिल्मवर बोटानं तपासा. तिथली मिलिमीटरभर पायरी म्हणजे लिस्फ्रँकची इजा (मेटाटार्सलच्या बुडाशी असलेल्या सांध्यांची) असू शकते, आणि ती उभं राहून काढलेल्या फिल्मवर जास्त उघडी पडते. मुलांत पाचव्या मेटाटार्सलच्या बुडाशी सुटा तुकडा दिसतो. त्याची रेघ हाडाच्या लांबीला समांतर असेल तर तो वाढीचा भाग, आडवी असेल तर फ्रॅक्चर. वाटीच्या वरच्या-बाहेरच्या कोपऱ्यातला गुळगुळीत कडांचा तुकडा बहुतेक वेळा बायपार्टाइट पटेला (मुळातच दोन भागांची वाटी) असतो.

किती दिवस लागतील, याचं एक उत्तर नाही. रोज दोन रचना आणि आठवड्यातून एक दिवस उजळणी असं केलंत तर दोन-तीन महिन्यांत घोटा आणि गुडघा हातात येतो, पण त्या काळात तुमच्याकडे खऱ्या केस येत राहिल्या पाहिजेत. पोस्टिंग अल्ट्रासाउंडला असेल तर वेळ वाढेल. जमलं की नाही हे तपासायला सहकाऱ्याला बसवा. त्यानं स्काउट (कापाची पातळी दाखवणारी प्रतिमा) झाकून पायाचा कुठलाही एक ॲक्झियल काप उघडायचा आणि तुम्ही तीन गोष्टी सांगायच्या: पाय उजवा की डावा, पातळी कोणती, आणि हाडाला लागून असलेल्या चार रचना कोणत्या. मार्कर झाकला असेल तर कशावरून बाजू ठरवली हेही सांगायचं. इश्चियल ट्युबरोसिटी (बसताना टेकणारं हाड), मांडीचा मध्य, अडक्टर कॅनालचं खालचं टोक, कॉन्डाइल, फिब्युलाचं डोकं, पोटरीचा मध्य, घोट्याच्या चार बोटं वर आणि मॅलिओलर फॉसा, या आठ पातळ्यांची पेन्सिलनं काढलेली चित्रं वहीत ठेवा. ज्या कापावर अडलात तो कुठल्या दोन चित्रांच्या मधला आहे ते शोधा, आणि दुसऱ्या दिवशीची वीस मिनिटं तेवढ्याच भागात घालवा.